उपासनेची हजेरी

मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. सासरी पातूरले सगळ्यांले ठाऊक आहे. मी बोलायले लागली की आमचे मालक ओमप्रकाश चपला घालून मळ्यात निघून जातात. तर मागच्या डिसेंबरात माझ्या लहान भावावर, शम्मूवर, मी भर पाहुण्यांत अशी ओरडली की चर्चच्या पाळकसाहेबांचा चहा कपातून बशीत आला. शम्मू पन्नाशीचा माणूस. बँकेत साहेब आहे. पण त्या दिवशी भिंतीले टेकून, मान खाली घालून उभा राहिला. चूक त्याचीच होती, हे मी अजूनही म्हणते. पण ते सांगायचं म्हणजे आधी बाबांची उपासना सांगावी लागते.

आमचे बाबा म्हणजे खुशालराव मास्तर. अमरावतीत शाळेवर मास्तर होते, अन् घरीही मास्तरच होते. रोज सकाळी सहाले अन् संध्याकाळी सहाले घरात उपासना व्हायची. शाळेनं बाद केलेली एक पितळेची घंटा त्यांनी घरी आणली होती. ती वाजली की मायच्या हातातलं उलथनं खाली, माझ्या हातातली वेणी अर्धी, अन् शम्मू झोपेत असला तर झोपेतच सतरंजीवर. बाबांनी पुठ्ठ्यावर लाल-निळ्या शाईनं वर्षाचा तक्ता केला होता. सकाळी जुन्या करारातलं वाचन, संध्याकाळी नव्या करारातलं, अन् दोन्ही वेळा एक स्तोत्र. वर्षभरात सारं शास्त्र, म्हणजे बायबल, पूर्ण, अन् एक जानेवारीपासून पुन्हा पहिलं पान. फक्त एकोणतीस फेब्रुवारीचा रकाना कोरा होता. त्या दिवशी ज्याले जे आवडते ते त्यानं वाचावं. मी दर वेळी सगळ्यात लहान स्तोत्र काढायची, दोन ओळींत खलास. बाबा चष्म्यावरून पाहायचे अन् मायले हसू आवरायचं नाही.

आमेन झाल्याबिगर चहा नव्हता. उन्हाळ्यात अंगणात सडा टाकून तिथंच सतरंजी घालायचे. ओल्या मातीचा वास, मायच्या मोगऱ्याचा वास, शेजारच्या रेडिओवरची गाणी, अन् त्यात बाबांचा खणखणीत आवाज. आमच्याशी बोलताना ते आमच्यासारखंच बोलत, 'तुले काय झालं, काहून रडून राहिली?' पण प्रार्थनेत एकदम पुस्तकी. 'हे बापा, आम्हाला क्षमा कर.' शम्मूनं एकदा विचारलं, देवाले वऱ्हाडी समजत नाही का? बाबा म्हणाले, 'समजते रे, पण साहेबाच्या खोलीत जाताना आपण सदऱ्याचं बटन लावतोच ना?' मले तेव्हा त्या उपासनेचा कंटाळा यायचा. खोटं काहून बोलू? आता साठीत कधी सडा टाकला की तो सतरंजीचा टोचणारा काठ मांडीले जाणवते अन् डोळे भरून येतात.

आता हजेरीचं. आमी आमच्या लहान पुस्तकांतून वाचायचो. बाबांचं मोठं पुस्तक वेगळं, काळ्या कातड्याचं, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. त्याले कोणी हात लावायचा नाही. 'पुस्तकाची पाठ मोडते' म्हणायचे, अन् स्वतःही ते अर्धवटच उघडायचे. आमेन झालं की खिशातली बारीक टोकाची पेन्सिल काढून त्या दिवसाच्या पानावर, बाहेरच्या समासात, साल लिहायचे अन् पुढं हजर असलेल्यांचे पहिले अक्षरं. आई म्हणून आ. शमुवेलचा श. अन् माझा त, कारण माझं नाव तबीथा. सासरी ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून तिथं मी ताबाई झाली.

संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबा घरी नसलेल्यांचे नावं घ्यायचे. नागपूरचे भगवंतराव काका, आजारी असलेलं शाळेतलं पोर, परीक्षेले गेलेला भाचा. एकेक नाव मोठ्यानं, सावकाश. उपासनेत आपलं नाव निघालं, हे त्या माणसाले दुसऱ्याकडून कळायचंच, अन् त्याले बरं वाटायचं.

शहाऐंशीच्या जूनमध्ये मी घर सोडलं. ओमप्रकाश पातूरच्या माळ्याचा पोरगा, अमरावतीले कॉलेजात होता. बाबांले मी सांगितलं, लग्न करीन तर त्याच्याशीच. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मले सोपं गेलं असतं, मीही ओरडली असती. ते फक्त म्हणाले, 'विचार केलास?' मी म्हटलं, केला. त्यांनी मान फिरवली. संध्याकाळी सहाले मी अकोल्याच्या एस.टी.त बसली होती अन् कानात घंटा वाजून राहिली होती.

त्यानंतर अकरा वर्षं बाबा माझ्याशी बोलले नाही. पत्रांले उत्तर नाही. माझ्या पोरीच्या, वर्षालीच्या, जन्माची तार गेली, तिलेही नाही. माय चोरून कोणाच्या हाती लोणचं पाठवायची, तेवढंच.

पातूरले मी माझं वाचन सोडलं नाही. तक्ता माझ्या डोक्यात बसलेला होता, तो मी वहीत उतरवून काढला. सासू माणिकबाई पहाटे फुलं तोडून बाजाराचे हारे, म्हणजे मोठे टोपले, भरायची, अन् संध्याकाळी देवापाशी दिवा लावायची. मले वाटलं होतं, आता इथंही भांडण होईल. पण एक दिवस तीच म्हणाली, 'ताबाई, तुयं वाचन झालं का वं? झालं असन तं चहा टाक.' म्हणजे तिथंही आमेनबिगर चहा नव्हता. ती बाई गेली तेव्हा मी मायसाठी रडली तेवढीच रडली.

सत्त्याण्णवले बाबांचं पोस्टकार्ड आलं. दोन ओळी. 'आईची प्रकृती ठीक नाही. यावे.' मी वर्षालीले घेऊन गेली. माय पंधरा दिवसांत गेली. त्या पंधरा दिवसांत बाबा माझ्या हातचं जेवले, नातीले पाढे शिकवले, पण झाल्या गोष्टीवर एक शब्द नाही. निघताना दारात फक्त विचारलं, 'तिकडे वाचन होतं का?' मी म्हटलं, होते. याच तक्त्यानं, सहाले. त्यांनी जराशी मान हलवली. 'मग हजर,' म्हणाले. तेव्हापासून मी पातूरले असली तरी बाहेरच्या समासात त यायचा. मी माहेरी गेली की पाहायची, बाबा पेन्सिलीनं माझं अक्षर काढताना. जीव निवायचा.

पण शम्मूच्या जिभेले हाड नाही. तो माझाच भाऊ. त्याच्या लग्नाच्या वेळी मानपानावरून आमचं जुंपलं, अन् रागाच्या भरात तो बोलून गेला, 'तू काय सांगून राहिली ताई? अकरा वर्षं ह्या घरात उपासनेत तुझं नाव निघालं नाही. काकांचं निघालं, दूधवाल्याचं निघालं, तुझं नाही!'

त्यानं नंतर माफी मागितली. मी दिलीही. पण ते वाक्य काही माझ्या मनातून गेलं नाही. मास्तराची पोरगी आहे मी, मले शाळेची रीत माहीत आहे. पोर शाळेत आलं नाही तर त्याच्यापुढं गैरहजर लागते. लय दिवस आलं नाही तर त्याचं नाव पटावरून कमी करतात. गैरहजर वेगळं अन् कमी केलेलं वेगळं. गैरहजर पोर कधीही येऊन आपल्या जागेवर बसू शकते. मले एवढंच पाहायचं होतं की त्या अकरा वर्षांत बाबांनी मले काय केलं होतं. बाबांले विचारायची हिंमत झाली नाही. ओमप्रकाश म्हणायचे, 'विचारून टाक ना एकदा, खाणार आहेत का ते तुले?' पण विचारलं अन् 'कमी केलं होतं' असं उत्तर आलं असतं तर? म्हणून मी त्या पुस्तकाची वाट पाहिली. तेवीसच्या डिसेंबरात बाबा गेले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. मी शम्मूले म्हटलं, मले काही नको, फक्त बाबांचं पुस्तक एकदा नीट पाहू दे. तो म्हणाला, 'वर्षाच्या स्मरणाले ये ताई, तेव्हा देतो.' अन् हसला. मले तेव्हाच शंका यायले पाहिजे होती.

स्मरणाच्या दिवशी अमरावतीच्या घरी पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, चहा फिरला, अन् शम्मूनं कागदात बांधलेलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. उघडलं तर नवंकोरं लालभडक रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पानांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. तो मोठ्या हौसेनं म्हणाला, 'तुझ्यासाठी बांधून आणलं. अकोल्याच्या नत्थुजीकडून. असं काम करणारा आता दुसरा उरला नाही.'

मी पान उघडलं. बाहेरचा समास नव्हताच. छपाई संपते तिथंच कागद संपत होता. कडेवर पेन्सिलीचा कुठं अर्धा आकडा, कुठं काना, बस. पन्नास-साठ वर्षांची हजेरी यंत्राखाली घालून साफ कापली होती.

'अरे अक्कल काय गहाण टाकली होती का रे तू?' मी ओरडली. 'बाबांचं अक्षर होतं ते! माय होती त्याच्यात!'

'कडा उंदरानं कुरतडल्या होत्या ताई. नत्थुजी म्हणाले, सरळ करायले एक बोट कापावं लागेन...'

'मंग तुझं बोट कापायचं होतं!'

पुढं काय काय बोलली ते सांगत नाही. मुद्द्याचं कोणाले कळलंच नाही. लोकांले वाटलं, बापाच्या आठवणीनं बाई रडून राहिली. मी रडत होती ते माझ्यासाठी. आता मले कधीच कळणार नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुस्तक पिशवीत घालून मी अकोल्याले उतरली. म्हटलं, कात्रणं तरी मागू. एका गल्लीत नत्थुजींची खोली सापडली. ऐंशीच्या पुढचा माणूस, खाली बसून वह्या शिवून राहिला होता. बाजूले कागद चिकटवायच्या खळीची पातेली.

'कात्रणं?' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'बाई, ते तं खळ शिजवायले चुलीत गेले. कोण ठेवते कात्रणं?'

मी त्यांच्यासमोर बसली. भांडायची सारी तयारी करून आली होती, पण त्या म्हाताऱ्यावर ओरडवेना. त्यांनी माठातलं पाणी दिलं.

'त्यावर लिहिलेलं होतं,' मी म्हटलं. 'माझ्या वडिलांनी.'

'हाव, पाह्यलं ना. म्या तुमच्या भावाले इचारलं बी. ते म्हणे, कडा सुंदर झाल्या पाहिजे.' मंग म्हणाले, 'पण बाहेरचं गेलं, आतलं तं हाये.'

'आतलं काय?'

'अवो, तुमी पुस्तक उघडून पाह्यलं का नाही? आना इकडं.'

त्यांनी पुस्तक फळीवर ठेवलं अन् मधोमध उघडून दोन्ही हातांनी सपाट केलं. मी घाबरून म्हटलं, पाठ मोडेल! ते हसले. 'हे जुजबंदी काम हाये बाई. पानांची एकेक जुडी सुटी करून दोऱ्यानं शिवली. जुनी बांधणी घट्ट होती, तिच्यात आतली बाजू दिसतच नव्हती. आता कसंही उघडा. शिलाईच्या बाजूले मी कधी पातं लावत नाही. अन् तिथं तं पानोपान तेच तेच अक्षरं. म्या माह्या बायकोले म्हटलं बी, कोन्या पोरानं गिरवलं की काय.'

मी चष्मा पुसला. दोन पानांच्या मधल्या घडीत, जिथं दोरा असते तिथं, मुंगीएवढ्या अक्षरांत उभी रांग होती. ८६ त. ८७ त. ८८ त. अशी खाली खाली, ९६ पर्यंत. पान उलटलं. तिथंही तीच रांग. आणखी दहा पानं उलटली, शंभर उलटली. कुठं रांग ८६ ते ९६, कुठं ८७ ते ९७, पण एकाही दिवसाचं पान चुकलं नव्हतं. मी ती जूनमधली संध्याकाळ शोधली, एस.टी.वाली. त्या दिवसाचं वाचन मले पाठच होतं. त्या पानावर रांगेच्या डोक्याशी अक्षरं जरा मोठी होती. ८६ त. गैरहजर.

कमी केलं नव्हतं. पटावरून मले कमी केलं नव्हतं. रोज सकाळ, रोज संध्याकाळ, अकरा वर्षं, माझ्या बापानं पुस्तकाची पाठ माझ्यासाठी थोडी मोडली होती अन् तिथं, कोणाले दिसणार नाही अशा जागी, माझी जागा राखून ठेवली होती. अन् त्या रांगेखाली, ९७ पासून, दुसरं अक्षर सुरू झालं होतं. आ. माय गेल्यानंतर तीही तिथंच, माझ्याखाली. मी त्या खोलीत हमसून हमसून रडली. नत्थुजी वही शिवत राहिले. मंग म्हणाले, 'म्या खोडरबर घेतलं होतं हातात. सफाई करा लागते ना. पण काय की, हात नाही चालला.' मी वाकून त्यांच्या पाया पडली.

अकोल्याहून पातूरची गाडी समोर लागलेली होती. मी अमरावतीच्या गाडीत बसली. ओमप्रकाशांले फोन केला, आज येत नाही. ते म्हणाले, 'अजून भांडायचं राहिलं का?'

घरी पोचली तेव्हा सहाले दहा कमी होते. शम्मूनं दार उघडलं अन् मले पाहून दोन पावलं मागं सरकला. मी टेबलावर पुस्तक सपाट उघडून त्याच्यापुढं ठेवलं अन् बोटानं दाखवलं. तो वाकला. बोट रांगेवरून खाली खाली नेलं.

'ताई, मी खोटं नव्हतो बोललो,' तो म्हणाला. 'तुझं नाव खरंच निघत नव्हतं. बाबा सगळ्यांचे नावं घेत, मंग म्हणत, आणि जे आमच्यात नाहीत त्यांना सांभाळ. अन् थांबत. लय वेळ थांबत. मले भूक लागलेली असायची. त्या शांततेत पेन्सिलीचा आवाज यायचा. मले वाटे, आमचीच हजेरी लावून राहिले.' अन् एवढा मोठा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायले लागला. 'मी तुले उगाच बोललो ना ताई.'

'उगाच काय, पाहिलंस तसं बोललास,' मी म्हटलं. 'अन् मीही काल लय बोलली. पुस्तक चांगलं बांधलं तू. हे असं उघडलं नसतं तर मी हे न पाहताच मेली असती. आता घंटा वाजव, सहा झाले.'

त्यानं घंटा वाजवली. त्याची बायको ओट्यावरचा गॅस बंद करून आली. तक्त्यात पाहिलं तर नाताळाआधी बाबांनी क्रम सोडून मुद्दाम घातलेलं वाचन, ती येशूची वंशावळ. अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र फलाणा, पानभर नावं. लहानपणी ती आली की आमी कपाळाले हात लावायचो. शम्मू म्हणाला, 'आज हे सोडू का ताई? सारे नावंच आहेत.' मी म्हटलं, एकही सोडू नको. त्यानं सगळे नावं वाचले, सावकाश, बाबांसारखे. मी प्रार्थना केली. माझी प्रार्थना काही पुस्तकी नव्हती, देवानं समजून घेतलं असेल.

आमेन झाल्यावर शम्मूनं बाबांची पेन्सिल आणली. त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलेली होती, चांगली टोक केलेली. तो पान चाचपत म्हणाला, 'हजेरी कुठं लावू? बाहेर तं जागाच ठेवली नाही मी.'

'आपण बसलो आहोत ना इथं,' मी म्हटलं. 'आपली नाही लागली तरी चालते.'

मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. पुस्तक सपाट दाबलं, अन् शिलाईच्या बाजूले, माझ्या अकरा अक्षरांच्या अन् मायच्या रांगेच्या खाली, मले जमेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं. २४ बा. गैरहजर.